दुरुस्त केलेला संदर्भ पुन्हा चुकतो: रसायनशास्त्राच्या पेपरमधल्या संदर्भसूचीचे दुखणे

गाईडने मसुद्यावर खूण केली. तुम्ही वर्डच्या फाइलमध्ये जर्नलचे नाव सुधारले, पान क्रमांक बदलला आणि फाइल परत पाठवली. पुढच्या मसुद्यात एक परिच्छेद वर सरकवला, संदर्भ-सॉफ्टवेअरने यादी नव्याने तयार केली आणि तीच चूक जशीच्या तशी परत आली. रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्या मुलामुलींकडून ही तक्रार सतत ऐकू येते. काही जण कंटाळून सॉफ्टवेअर सोडून देतात आणि दीडशे संदर्भ हाताने टाइप करायला बसतात. तसे करू नका. दुखणे बरे होण्यासारखे आहे, फक्त औषध चुकीच्या जागी लावले जाते.

वर्डमध्ये दिसणारी यादी दर वेळी नव्याने छापली जाते. झोटेरो असो, मेंडेले असो की एंडनोट, खरी नोंद असते तुमच्या लायब्ररीत, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तुमच्या संदर्भांच्या साठ्यात. 'रिफ्रेश' म्हटले की सॉफ्टवेअर तिथून माहिती उचलते, जर्नलच्या शैलीत मांडते आणि आधीचा मजकूर पुसून टाकते. त्या पुसण्यात तुमची हाताने केलेली दुरुस्तीही जाते. म्हणून यादीला हात लावायचा नाही. लायब्ररीतली नोंद उघडायची, तिथे चूक सुधारायची आणि मग रिफ्रेश करायचे.

दुरुस्तीला बसण्यापूर्वी एक गोष्ट पाहा. चूक एकाच संदर्भात आहे की सगळ्यांत सारखी आहे? सगळ्यांत सारखी असेल तर दोष शैलीत किंवा सेटिंगमध्ये असतो. एखाद-दुसऱ्याच संदर्भात असेल तर दोष नोंदीत असतो. हे न पाहता सुरुवात केली की लोक एका सेटिंगसाठी शंभर नोंदी बदलत बसतात, किंवा एका बिघडलेल्या नोंदीसाठी शैलीची फाइल उलटीपालटी करतात.

चूक सगळीकडे सारखी असेल तर

झोटेरो वापरणाऱ्यांचे नेहमीचे लक्षण असे: २०१५ चा पेपर आहे, पण जर्नलच्या नावात 'अँगेवांटे केमी, इंटरनॅशनल एडिशन'च्या संक्षेपाला शेवटी 'इंग्ल.' चिकटून येते. लायब्ररीत संक्षेप बरोबर भरलेला असतो, तरी येते. कारण डॉक्युमेंटच्या सेटिंगमध्ये 'मेडलाइनचे संक्षेप वापरा' या चौकटीत खूण असते. ती असली की झोटेरो तुमच्या नोंदीतल्या संक्षेपाच्या रकान्याकडे पाहतच नाही. मेडलाइन ही वैद्यकीय ग्रंथसूची आहे आणि तिच्या यादीत या जर्नलचा संक्षेप अजूनही 'इंग्ल.'सकट आहे. प्रत्यक्षात १९६२ ते १९९७ या काळात या आवृत्तीच्या नावात 'इन इंग्लिश' हे शब्द होते आणि १९९८ पासून ते गेले. म्हणजे १९८५ च्या पेपरला 'इंग्ल.' हवे, २०१५ च्या पेपरला नको. खूण काढा आणि संक्षेप नोंदीतच भरा. रसायनशास्त्रात संक्षेपांसाठी कॅस या रसायनविषयक माहिती-संस्थेची 'कॅसी' ही सूची प्रमाण मानतात आणि ती ऑनलाइन मोफत पाहता येते. एंडनोटवाल्यांनी जर्नलांच्या यादीत रसायनशास्त्राची तयार संक्षेप-यादी आयात करावी. ती सॉफ्टवेअरबरोबरच येते, पण बहुतेकांना तिचा पत्ता नसतो.

सगळीकडे सारखी दिसणारी दुसरी गडबड एका जर्नलने नाकारलेला पेपर दुसऱ्याकडे पाठवताना होते. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या पद्धतीत वर्ष ठळक आणि खंड तिरका छापतात. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या पद्धतीत खंड ठळक असतो आणि वर्ष साधे. पहिल्या पद्धतीत आडनाव आधी आणि आद्याक्षरे नंतर, दुसरीत आद्याक्षरे आधी. पहिलीत पेपरचे शीर्षक आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतची पाने देतात. दुसरीत पहिले पान पुरते. हे बदल हाताने करू नयेत. सॉफ्टवेअरमध्ये शैली बदलली की एका क्षणात होतात, अट एवढीच की नोंदीतला प्रत्येक आकडा आपापल्या रकान्यात असला पाहिजे.

हे किती महत्त्वाचे आहे ते एका पेपरवरून दिसते. कोल्ब, फिन आणि शार्पलेस यांचा क्लिक केमिस्ट्रीवरचा प्रसिद्ध लेख २००१ सालचा, खंड ४०, पाने २००४ ते २०२१. पहिले पान २००४! कुणी हा संदर्भ दुसऱ्याच्या पेपरमधून उचलून हाताने भरला की २००४ हे वर्ष होऊन बसते. शिवाय त्या वेळच्या वायली प्रकाशनाच्या पद्धतीमुळे या लेखाच्या डीओआयमध्ये, म्हणजे पेपरच्या कायमच्या ऑनलाइन ओळख-क्रमांकात, कोनी कंस आणि अर्धविराम आहेत. वेबपेज त्या कोनी कंसांना टॅग समजते, मधला भाग गिळून टाकते आणि दुवा तुटतो. नव्वदीच्या अखेरच्या आणि २००० च्या आसपासच्या वायलीच्या पेपरांचा डीओआय उघडत नसेल, तर आधी हे कंस शाबूत आहेत का ते पाहा.

एकच संदर्भ पुन्हा पुन्हा दगा देत असेल तर

खरा वेळ इथे जातो आणि तो द्यायलाही हवा. रसायनशास्त्रातल्या जर्नलांनी शंभर-सव्वाशे वर्षांत नावे बदलली, भाग पाडले, जोडले, भाषांतरित आवृत्त्या काढल्या. सॉफ्टवेअरला हा इतिहास ठाऊक नसतो. तुम्हाला थोडा तरी ठाऊक असला पाहिजे.

क्रिस्टल स्ट्रक्चर, म्हणजे स्फटिकातली अणूंची रचना, देणाऱ्या प्रत्येकाला भेटणारा सापळा शेल्ड्रिक यांच्या दोन पेपरांचा आहे. एक 'शेलएक्सटी'वरचा, म्हणजे स्ट्रक्चर सोडवणाऱ्या प्रोग्रॅमचा. दुसरा 'शेलएक्सएल'वरचा, म्हणजे रिफाइनमेंटचा, सोडवलेली रचना मोजमापांशी जुळवून अचूक करण्याचा. दोन्ही २०१५ चे, दोन्ही 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका'तले, दोन्हींचा खंड ७१ आणि दोन्हींची पाने ३ ते ८. फरक फक्त विभागाच्या अक्षराचा: शेलएक्सटी विभाग 'ए'मध्ये, शेलएक्सएल विभाग 'सी'मध्ये. नोंदीतून ते अक्षर गळले की दोन वेगळ्या पेपरांची माहिती शीर्षक आणि डीओआय सोडून तंतोतंत सारखी होते. मग 'डुप्लिकेट' समजून कुणीतरी घाईत दोन नोंदी एक करतो आणि पेपरमध्ये स्ट्रक्चर सोडवल्याचा व रिफाइन केल्याचा संदर्भ एकच होऊन बसतो. विभागाचे अक्षर जर्नलच्या नावाचा भाग म्हणून लिहा, खंडाच्या रकान्यात नको. आणि या दोन नोंदी कधीही एकत्र करू नका.

शेल्ड्रिक यांचाच २००८ चा पेपर, विभाग 'ए', खंड ६४, पान ११२, हा शेलएक्स या सगळ्या प्रोग्रॅमसंचाचा सर्वसाधारण संदर्भ म्हणून देण्यासाठीच होता आणि तसे त्यात लिहिलेले आहे. जगभरच्या क्रिस्टलोग्राफरांनी तो इतका दिला की त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्याच्या पेपरांना सरासरी किती वेळा संदर्भ म्हणून दिले जाते तो आकडा, २ च्या आसपासवरून २००९ साली जवळपास ५० वर गेला. जुन्या थिसिसमधून प्रायोगिक भाग उचलताना तो संदर्भही सोबत येतो. तुम्ही २०१५ नंतरच्या आवृत्तीवर काम केले असेल तर त्या आवृत्तीचे पेपर द्या.

थिअरी करणाऱ्यांचा सापळा असाच, फक्त जास्त फसवा. संगणकावर रेणूंची ऊर्जा काढताना बी३एलवायपी हे फंक्शनल, म्हणजे हिशेबाचे ठरीव सूत्र, वापरले की बहुतेक जण बेके यांचा १९९३ चा पेपर देतात: 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स', खंड ९८, पान ५६४८. त्या पेपरमध्ये तीन पॅरामीटरची कल्पना आहे, पण आज ज्याला आपण बी३एलवायपी म्हणतो ते फंक्शनल तसे नाही. ते स्टीफन्स, डेव्हलिन, चाबालोव्स्की आणि फ्रिश यांच्या १९९४ च्या पेपरमध्ये येते: 'जर्नल ऑफ फिजिकल केमिस्ट्री', खंड ९८, पान ११६२३. केमिकल फिजिक्स आणि फिजिकल केमिस्ट्री, संक्षेप एकमेकांसारखे आणि खंड दोन्हींचा ९८! एकाचे जर्नल आणि दुसऱ्याचे पान अशी खिचडी इथे सहज होते. ली, यांग आणि पार यांचा १९८८ चा पेपर यांच्या जोडीला हवाच, तो 'फिजिकल रिव्ह्यू बी'मध्ये खंड ३७, पान ७८५ वर आहे. आणि गॉसियनसारखा प्रोग्रॅम वापरला असेल तर प्रोग्रॅमची नेमकी आवृत्ती आणि रिव्हिजनही लिहा. 'गॉसियन वापरले' एवढ्यावर कुणी तुमचा हिशेब पुन्हा करू शकत नाही.

सोन्याचे नॅनोकण करणाऱ्यांनी आपली फ्रेन्स यांची नोंद आत्ता उघडून पाहावी. सायट्रेट पद्धतीने कणांचा आकार ताब्यात ठेवण्याचा तो १९७३ चा पेपर असंख्य ठिकाणी 'नेचर, खंड २४१, पान २०' असा दिलेला दिसतो. तो 'नेचर'मध्ये नाही, 'नेचर फिजिकल सायन्स'मध्ये आहे. १९७१ ते १९७३ या काळात नेचरच्या अंकांचे भाग पाडले होते आणि खंडाचा आकडा सगळ्यांचा एकच चालत होता, म्हणून हा घोळ. दुसऱ्या टोकाला काही सॉफ्टवेअर याला 'नेचर फिजिक्स' करून टाकते. ते जर्नल २००५ मध्ये सुरू झाले; १९७३ चा पेपर तिथे असणारच नाही. जर्नलचे वय आणि पेपरचे वर्ष ताडून पाहण्याची सवय लागली की अशा चुका यादी वाचतानाच लक्षात येतात.

हीच युक्ती आपल्याकडच्या जुन्या कामाला लावा. 'प्रोसीडिंग्ज ऑफ दी इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस' या नियतकालिकाच्या रसायनशास्त्र विभागाचे नाव कंसात 'केमिकल सायन्सेस' असे छापले जाई. २००४ पासून, ११६ व्या खंडापासून, तेच 'जर्नल ऑफ केमिकल सायन्सेस' झाले. आणि रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचे 'केमिकल सायन्स' हे तिसरेच जर्नल २०१० मध्ये निघाले. १९८५ च्या भारतीय पेपरची नोंद सॉफ्टवेअरने 'केम. साय.' अशी केली असेल तर ती सुधारणे हे फक्त नीटनेटकेपणाचे काम नव्हे. ज्यांनी त्या काळी तुटपुंज्या साधनांत ते काम केले, त्यांचा पेपर वाचकाला सापडलाच पाहिजे. 'इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री'चेही तसेच. ते अनेक वर्षे 'ए' आणि 'बी' अशा दोन विभागांत निघत होते, 'बी' सेंद्रिय रसायनशास्त्राचा. अक्षर गाळले तर वाचक चुकीच्या विभागात शोधत राहतो.

'खंड क्रमांक भरा' असे सॉफ्टवेअर वारंवार सुचवते आणि तो कुठेच मिळत नाही, अशीही एक जात आहे. ब्रुस्ट आणि सहकाऱ्यांचा थायॉल (एक गंधकयुक्त संयुग) लावलेल्या सुवर्णकणांचा १९९४ चा पेपर घ्या. 'जर्नल ऑफ दी केमिकल सोसायटी, केमिकल कम्युनिकेशन्स', १९९४, पान ८०१. खंड नाही. त्या काळी तिथे वर्ष हेच खंडाचे काम करी. मग मुले अंकाचा आकडा खंडाच्या जागी टाकतात. रकाना रिकामा ठेवा, रिकामाच बरोबर आहे. १९९६ पासून या जर्नलचे नाव नुसते 'केमिकल कम्युनिकेशन्स' झाले, तेव्हा १९९४ च्या पेपरला नवे नाव लावू नका.

अँगेवांटेबद्दल आणखी एक. जर्मन आणि आंतरराष्ट्रीय आवृत्त्यांचे खंड वेगळे असतात, आणि जुन्या पेपरांची पानेही. वर सांगितलेला क्लिकचा लेख जर्मन आवृत्तीत खंड ११३, पान २०५६ वर आहे. दोन्ही आवृत्त्यांचे तपशील शेजारी-शेजारी देण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. पण एकीचा खंड आणि दुसरीचे पान घेतले तर तो पेपर जगात कुठेच नसतो.

शीर्षकातली सूत्रे आणि माणसांची नावे

डीओआय टाकून नोंद आणली की शीर्षकातले सूत्र सपाट होऊन येते. टायटॅनियम डायऑक्साइडचा २ खाली न बसता अक्षरांच्या रांगेत येतो, आयनाचा भार वर जात नाही, हेटेरोसायकलच्या नावातला एन तिरका होत नाही. झोटेरोमध्ये शीर्षकाच्या रकान्यातच खाली, वर आणि तिरके करण्याचे टॅग लिहिता येतात आणि ते प्रत्येक शैलीत टिकतात. वर्डऐवजी लाटेक ही मजकूर-जुळणीची प्रणाली वापरत असाल तर सूत्राभोवती महिरपी कंस घाला, नाहीतर शैली सोडियमच्या मोठ्या अक्षराचे लहान करून ठेवते. काही जुन्या पेपरांची शीर्षके पूर्ण मोठ्या अक्षरांत येतात, ती एकदा बसून नीट करावी लागतात. याला दुसरा मार्ग नाही.

नावांच्या बाबतीत भारतीय लेखकांवर अन्याय होतो, आणि तो आपणच करतो याचे मला वाईट वाटते. सी. एन. आर. राव यांचे आडनाव राव, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दक्षिणेतल्या ज्या लेखकाने आडनाव न लावता वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे लावले आहे, त्याच्या नावाचे सॉफ्टवेअर काहीही करते. मराठी नावात स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे आणि मग आडनाव. एका पेपरवर तिन्ही छापलेली असतात, दुसऱ्यावर दोनच. दोन पेपर एकाच बाईंचे असूनही यादीत दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात. पेपरच्या पहिल्या पानावर जसे छापले आहे तसे नाव ठेवा, आणि आडनाव कोणते ते ठरवताना अंदाज न करता त्यांचा दुसरा एखादा पेपर किंवा ऑर्किड (संशोधकाचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) पाहा.

संदर्भ बिनचूक छापला, पण पेपरच चुकीचा

हे सगळ्यात गंभीर आहे आणि कुठलेही सॉफ्टवेअर ते पकडत नाही. ग्राफीन ऑक्साइड केले की हमर्स आणि ऑफमन यांचा १९५८ चा पेपर द्यायची रीत आहे. त्यात सोडियम नायट्रेट वापरले आहे. तुम्ही नायट्रेट न घालता फॉस्फोरिक आम्ल घातले असेल तर तुमची पद्धत मार्कानो आणि सहकाऱ्यांची आहे, २०१० च्या 'एसीएस नॅनो'मधली. 'हमर्स पद्धतीने केले' असे लिहून १९५८ चा संदर्भ दिला, तर तुमचे काम पुन्हा करू पाहणारा विद्यार्थी वेगळीच रसायने घेऊन बसेल. तिथे विषारी वायूही निघतात; नायट्रेट वगळण्यामागे तेही एक कारण होते. प्रायोगिक भागातला प्रत्येक संदर्भ उघडा, प्रक्रियेचा परिच्छेद शोधा, आपल्या वहीशी ताडून पाहा. दुसऱ्याच्या यादीतून उचललेला संदर्भ न उघडता देऊ नका.

न उघडता दिले की काय होते ते प्राध्यापक ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. एका मोठ्या प्रकाशकाच्या नमुना-फाइलमध्ये संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एक काल्पनिक पेपर दिला होता: व्हॅन डर गीर आणि इतर, २०००, खंड १६३, पाने ५१ ते ५९. तो पेपर अस्तित्वात नाही आणि ज्या जर्नलच्या नावावर तो दाखवला होता तेही नाही. तरी शेकडो लेखांच्या यादीत तो आढळला. नमुना-फाइलवर लिहिताना आधी तिच्यातले सगळे संदर्भ पुसून टाका. चॅटबॉटने सुचवलेल्या संदर्भाला तर हा नियम दुप्पट कडकपणे लावा. त्यात लेखक खरे, जर्नल खरे आणि पेपर मात्र नसलेला, असे सर्रास घडते. डीओआय उघडून शीर्षक जुळले नाही तर तो संदर्भ काढून टाका.

मागे घेतलेल्या पेपरांकडेही लक्ष हवे. झोटेरो अशा नोंदीवर लाल इशारा दाखवते. तो बंद करू नका, वाचा. आणि केमआर्काइव्ह या संकेतस्थळावरचा प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधीचा मसुदा, दिला असेल तर मधल्या काळात तो जर्नलमध्ये छापला गेला का ते पाहून छापील आवृत्ती द्या.

आपल्याकडे आणखी एक गैरसमज घट्ट बसला आहे. यूजीसीच्या २०१८ च्या साहित्यचोरीविषयक नियमांत साम्य तपासताना संदर्भसूची वगळतात आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. म्हणून वाक्य जसेच्या तसे उचलून शेवटी संदर्भाचा आकडा टाकला की झाले, असे मुले धरतात. आकडा फक्त माहितीचा मालक सांगतो. शब्दही त्याचेच असतील तर अवतरणचिन्ह हवे, नाहीतर वाक्य स्वतःचे लिहा.

आकडा कुठे बसवायचा

थोडक्यात सांगतो. वर चढवलेला संदर्भाचा आकडा घातांकाच्या किंवा सूत्राच्या शेजारी येऊ देऊ नका. 'सेंटिमीटर'च्या डोक्यावर ३ आला की घन सेंटिमीटर की तिसरा संदर्भ, हे वाचकाला कळत नाही. वाक्य फिरवा आणि आकडा लेखकाच्या नावाला किंवा वाक्याच्या शेवटी विरामचिन्हानंतर लावा. एकाच आकड्याखाली ए, बी, सी असे अनेक पेपर देण्याची आपल्या विषयातली जुनी सवय झोटेरोला जमत नाही, एंडनोटला जमते. जर्नलचा तसा आग्रह नसेल तर प्रत्येक पेपरला वेगळा आकडा द्या, पुढची सगळी डोकेदुखी वाचते. दोन सहलेखकांच्या फाइली जोडताना दोघांनी एकच सामायिक लायब्ररी वापरा, नाहीतर एकच पेपर सातवा आणि तेविसावा असा दोनदा येईल.

हे सगळे केल्यावरही प्रूफबरोबर काही प्रश्न येतील. प्रकाशक प्रत्येक संदर्भ क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेच्या नोंदींशी जुळवून पाहतो आणि न जुळलेल्यांबद्दल विचारतो. तिथे फक्त प्रूफमध्ये दुरुस्ती करून थांबू नका. पेपर पाठवला तेव्हा ज्या संदर्भांना खंड-पान मिळाले नव्हते त्यांची आता मिळालेली माहिती आणि प्रकाशकाने दाखवलेली प्रत्येक चूक त्याच दिवशी लायब्ररीतही उतरवा. तीच लायब्ररी तुमच्या थिसिसला आणि तुमच्यानंतर त्या बाकावर येणाऱ्या विद्यार्थ्याला लागणार आहे.